सिप्रियानचा उजवा पाय

कुडतरीच्या हॉलमध्ये, लग्नाला तीन तास असताना,
मी बास ड्रमच्या कडेला चिमटा लावला:
काडेपेटीएवढा ट्रिगर, कातड्याला जेमतेम टेकलेला,
झोपलेल्याच्या कपाळावर बोट ठेवावं
तेवढ्याच दाबाने.

बावीस इंची ड्रम. आत किटेरियाची जुनी रजई,
चौघडी करून कोंबलेली, गुंजणं कमी व्हावं म्हणून.
ती गेल्यावरही त्याने रजई बदलली नाही.
वास येतो, मी म्हटलं होतं एकदा.
येऊ दे, तो म्हणाला, माइकला नाक नसतं.

सिप्रियान दा ग्रासा. अर्ध्या सासष्टीची लग्नं वाजवलेला.
मधली नऊ वर्षं बोटीवर;
तिथे म्हणे जहाज डुलायचं, ताल नाही.
गेल्या नाताळच्या पाचव्या दिवशी उजव्या अंगावरून वारं गेलं.
हात परत आला. जीभ आली, शिव्यांसकट.
पाय आला, पण उसना आणल्यासारखा.
'वळवईकार,' तो मला म्हणाला,
'तुज्या यंत्राक सांग, म्हजो पांय आयज लजता.'

यंत्रात एक आकडा असतो, थ्रेशोल्ड.
मी त्याला उंबरठा म्हणतो.
त्याच्या अलीकडचा धक्का यंत्राच्या लेखी धक्काच नाही.
पलीकडचा कितीही लेचापेचा असो,
स्पीकरमधून पैलवान होऊन बाहेर पडतो.
मी उंबरठा तीसवरून अकरावर आणला.
खऱ्या ड्रमचा फेडर खाली.
हे कुणाला दिसत नाही,
त्याला दिसलं.

आणि तो पैलवान कोण, तर तोच.
दोन वर्षांपूर्वी, याच हॉलात, रिकाम्या दुपारी
मी त्याचे ठोके टेप केले होते, माइक तपासायला.
चाळीसातला एक लागला, गोल, पोटातून आलेला.
त्याच्या शेपटाला, कान दिला तर,
गेटाबाहेर गाडीचं दार आपटतं.
किटेरिया वाट बघून कंटाळली होती.
मी ते कापू शकलो असतो.

पहिला वॉल्ट्झ झकास गेला.
नवऱ्याचे मामा म्हणाले, म्हाताऱ्याच्या पायात बैल आहे.
मग केक. बँड थांबला,
दोन्ही पाय पेडलवरून काढून सिप्रियान घाम पुसत होता,
तेवढ्यात चार पोरं स्टेजवर चढली आणि उड्या मारायला लागली.
धम्म.
धम्म धम्म.
फळ्या हलत होत्या, ट्रिगर मोजत होता,
उंबरठा इतका खाली की कुणीही ओलांडावा.
हॉल हसला. पाद्री हसले.
माझा हात म्यूटवर गेला, कानांपर्यंत गरम झालो मी.
त्याने मान हलवली: राहू दे.
काठ्या उचलल्या, स्नेअरवर बोटभर आवाजात शिरला
आणि पोरांच्या त्या वेड्यावाकड्या उड्यांना
ताल असल्यासारखं
निभावून नेलं.
एका पोरीच्या पांढऱ्या बुटाचं बक्कल तुटलं तेव्हाच संपलं.

पावणेदहाला शेवटचा वॉल्ट्झ.
माझ्याकडे न बघता म्हणाला, 'तें काड.'

मी तार उपसली, फेडर वर नेला.
आधी पेडलची चीं ऐकू आली,
मग रजईतून आलेली धाप,
कोरड्या नारळावर मूठ मारावी तशी.
एक ठोका. एक उशिराचा. एक आलाच नाही.
नाचणाऱ्यांना कळलं नाही म्हणवत नाही मला;
त्यांनी पाऊल किंचित लांबवलं,
जसं चढणीवर म्हाताऱ्यासोबत चालताना आपण लांबवतो.
मी आवाज वाढवला नाही.
वाढवला असता तर चीं वाढली असती.

सामान भरताना त्याने विचारलं,
'त्या ठोक्यात दार आहे, माहीत आहे ना तुला?'
मी केबल गुंडाळत राहिलो.
आठाच्या आकड्यात, म्हणजे पीळ पडत नाही.

ड्रम मागच्या सीटवर, रजईसकट.
भाच्याने गाडी सुरू केली.
सिप्रियानने दार हळू ओढून घेतलं,
ते नीट लागलं नाही.
पुन्हा, जोरात ओढायला हवं होतं.
हँडलवर हात ठेवून
तो थांबला.